पाव आटा, बास!

सोमवारी सकाळी नऊ वाजता, भर नळ स्टॉपच्या सिग्नलला माझ्या बाइकने श्वास रोखला. हिरवा पडला, मी रेस दिली आणि... काहीच नाही! मागून बसचा हॉर्न. सेकंदभराने गाडीने असा काही झटका मारला, की पोटात गोळाच आला. आठवडाभर रोज हेच.

बाइक बाबांची. २००३ची, कार्बोरेटरवाली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात पेट्रोलचा हिशेब सेन्सर आणि कॉम्प्युटर बघतात. आपल्याकडे मात्र सगळा कारभार स्क्रूवर!

"विकून टाक आता," बाबा म्हणाले. पण बोलताना पेपरमधून मान काही वर आली नाही. गुडघ्यांमुळे त्यांचं बाइक चालवणं बंद झालंय. म्हटलं, एक रविवार द्या.

रविवारी दोघंही गॅरेजमध्ये. मी थेट स्क्रू ड्रायव्हर उचलला, तर काका ओरडले, "ताई, आधी सफाई!" एअर फिल्टर धुळीने भरलेला. प्लग ठीक होता. कार्बोरेटर खोलला, तर स्लो जेटच्या केसाएवढ्या भोकात कचरा. तो स्प्रेने आणि हवेच्या प्रेशरने काढायचा. तार घातली तर भोक मोठं होतं.

फंडा सोपा आहे. सिग्नलला उभ्या गाडीला पेट्रोल मिळतं ते या स्लो जेटमधून. ते तुंबलं, की रेस देताच हवा भसकन आत जाते आणि पेट्रोल मागे राहतं. म्हणून गाडी अडखळते. आपण आणखी पिळतो, ती आणखी गुदमरते.

मग ट्यूनिंग. इंजिन बंद ठेवून मिक्स्चरचा स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत, मग दीड आटा बाहेर. (आकडा गाडीगणिक बदलतो. आणि जोर लावाल तर स्क्रूचं टोक गेलंच म्हणून समजा!) दहा मिनिटं इंजिन गरम केलं. आता एका वेळी फक्त पाव आटा फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं. इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं चालेल, ती जागा खरी.

मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. काका हसले, "साहेब, तुम्हीच सांगा." बाबांनी स्टूल पुढे ओढलं, डोळे मिटले. पाव आटा... अजून पाव...

"बास."

काकांनी आयडलिंगची रेस थोडी कमी केली. मी अ‍ॅक्सिलरेटर पिळला. ना अडखळणं, ना झटका!

बाइक विकायचा विषय पुन्हा निघालेला नाही. परवा बाबांनीच विचारलं, "नळ स्टॉपला उचलते ना नीट?"

तर मंडळी, तुमची गाडी अडखळत असेल, तर आधी सफाई, मग पाव आटा. आणि घरात असा एखादा कान असेल, तर त्याला गॅरेजमध्ये सोबत न्याच!