ओठ हलवणाऱ्यांच्या बाजूने

शाळेत समूहगीताच्या वेळी मला मागच्या रांगेत उभे करून, “तू नुसते ओठ हलव,” अशी सूचना मिळत असे. ती मी इतकी मनापासून पाळली की आजही प्रार्थनेला माझा आवाज बाहेर पडताना कचरतो. माझ्यासारखे ओठ हलवणारे या महाविद्यालयात पुष्कळ असतील. त्यांच्या वतीने दोन चित्रकारांची हकीकत सांगावीशी वाटते.

१९६० सालच्या डिसेंबरात पॅरिसमध्ये जाँ द्युबुफे आणि आस्गर योर्न हे दोन मित्र घरच्या घरी वाद्ये घेऊन बसू लागले. द्युबुफे एकोणसाठ वर्षांचा, योर्न शेहेचाळीस. द्युबुफेने घरचा दारूचा व्यापार सोडून चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ चित्रकला पत्करली होती. डांबर, वाळू, खडी असा रस्त्यावरचा माल तो कॅनव्हासवर थापी. मनोरुग्णांनी, कैद्यांनी, कधी चित्रशाळेचे तोंडही न पाहिलेल्यांनी काढलेली चित्रे त्याने जमवली आणि १९४५ पासून त्या कलेला ‘आर ब्रुत’, म्हणजे कच्ची, असंस्कारित कला, असे नाव दिले. योर्न डेन्मार्कचा. जुन्या बाजारातली अनामिक चित्रे विकत घ्यायची आणि त्यांच्यावरच आपले रंग चढवायचे, हा त्याचा १९५९ मधला उद्योग. तात्पर्य, ‘शुद्ध’ या शब्दाशी दोघांचेही फारसे सख्य नव्हते.

द्युबुफे लहानपणी पियानो शिकला होता. योर्नला व्हायोलिन आणि ट्रंपेट थोडेफार येत होते. पण येणारे वाजवायचे नाही, असाच जणू त्यांचा करार होता. सेलो, बासरी, गिटार, खंजिरी आणि पुढे जुन्या वाद्यांच्या दुकानातून आणलेली कितीतरी चमत्कारिक वाद्ये त्यांनी हाताळली. शिकून नव्हे, तर हे वाद्य आजच पृथ्वीवर उतरले आहे अशा थाटात. शेजारी एक साधा घरगुती टेपरेकॉर्डर चालू असे. या बैठकांतून चार ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. व्हेनिसमधील एका कलादालनाने १९६१ मध्ये त्यांच्या अवघ्या पन्नास प्रती काढल्या. द्युबुफे एकटाही वाजवू लागला. एकामागून एक वाद्ये स्वतःच वाजवायची आणि एकाच फितीवर आवाजावर आवाज चढवायचा. रंगाच्या थरावर थर देणाऱ्या माणसाला ही युक्ती सुचावी, यात नवल ते काय?

हे संगीत मी प्रथम ऐकले तेव्हा पाच मिनिटांत बंद केले. कण्हणे, खरवडणे, धडपडणे, दुसरे काही ऐकू येईना. पुढे ग्रंथालयातील एका पुस्तकात द्युबुफेची १९५७-५८ ची ‘टेक्स्चरोलॉजी’ ही चित्रमाला पाहण्यात आली. त्या चित्रांत ना माणूस, ना झाड. नुसती जमीन, बारीक ठिपक्यांनी भरलेली. मग पुन्हा ऐकले. त्यात चाल शोधणे ही माझीच चूक होती. जमिनीवरून हात फिरवावा तसे हे कानांनी चाचपायचे असते.

यावर आमचे प्राध्यापक म्हणतील, हा तर रियाजाचा अपमान आहे! एक षड्ज लागावा म्हणून आयुष्य घालवणाऱ्यांच्या देशात असली धडपड कशाला ऐकवता? आक्षेप रास्त आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. मात्र या दोघांनी ‘आम्ही गवई आहोत’ असा दावा कधी केला नाही. शिवाय हाताला मोकळीक दिली तरी त्यांनी निवडीला मोकळीक दिली नव्हती. कोणती रेघ ठेवायची आणि कोणती पुसायची, याचा रियाज त्यांनी वर्षानुवर्षे डोळ्यांनी केला होता. तोच येथे कानांच्या उपयोगी पडला.

माझा आक्षेप निराळा आहे. त्यांच्या फसण्याची किंमत त्यांना द्यावी लागणार नव्हती. नाव झालेले होते, म्हणून कलादालनाने मुद्रिका काढल्या. हेच आवाज एखाद्या अनोळखी पोराने काढले असते, तर शेजाऱ्यांनी दार ठोठावले असते. कच्च्या कलेचे कौतुक पिकलेल्या कलावंतानेच करावे, ही गोष्ट थोडी टोचते.

तरीही त्यांच्या खोलीतून दोन गोष्टी उचलण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे सोबत. एकट्याला स्वतःच्या बेसूरपणाची लाज वाटते. समोर दुसरा तितकाच बेसूर असला की लाजेचे कुतूहल होते. दुसरी म्हणजे पुन्हा ऐकणे. ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे, पण आपण त्यावर दुसऱ्यांचेच ऐकतो. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर परीक्षक असतात, गुण असतात. खोलीत ते नसतात. म्हणून काही गोष्टी खोलीतच सुरू व्हाव्या लागतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी मी आणि माझा एक चित्रे काढणारा मित्र वसतिगृहाच्या खोलीत बसलो. स्टीलचा डबा, तारा तुटलेला बुलबुलतरंग, खाटेची पट्टी आणि आमचे दोन गळे. अकरा मिनिटे मुद्रण झाले. तीनदा ऐकून त्यातली दहा मिनिटे आम्ही पुसून टाकली. ती खरोखरच वाईट होती. एक मिनिट ठेवले. ते ऐकण्याजोगे आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण त्यात मी नुसते ओठ हलवत नाही, एवढे स्पष्ट ऐकू येते.

— तृतीय वर्ष, कला