पाळी थांबली अन् बोटं आखडली? ‘वय झालं’ म्हणून सोडू नका!

‘कापूस वेचून बोटं दुखतात, वय झालं!’ जळगाव-धुळ्यात पन्नाशीच्या बाईचं दुखणं असंच मोडीत काढलं जातं. ते चूक आहे.

भारतात पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी थांबते, इस्ट्रोजेन घटतं. या हार्मोनचा रोगप्रतिकारशक्तीवरही परिणाम होतो. आमवातात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, हीच शक्ती स्वतःच्या सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन-तीन पट जास्त. कारण एकटं हार्मोन नाही. आनुवंशिकता, धूम्रपानही आहे.

सकाळी भाकरी थापताना दोन्ही हातांची बोटं तासभर आखडतात, सांधे सुजतात? मग मलम चोळत बसू नका. शासकीय रुग्णालयात दाखवा, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी तपासणीबद्दल विचारा. उपचार लवकर सुरू झाले तर सांधे वाकडे होणं बहुतेकदा टाळता येतं.

आईला आजच विचारा. ती स्वतःहून सांगणार नाही.