मूषकपालनाचा कर्जअर्ज

आपल्याकडे ‘पालन’ हा शब्द ज्या प्राण्याच्या शेपटीला लागला त्याचं काही खरं नसतं, आणि पाळणाऱ्याचं तर त्याहून नसतं. कुक्कुटपालन आणि शेळीपालन ही दोन सज्जन घराणी सोडून द्या. पण 2012 साली तामिळनाडूत इमूपालनाचा फुगा फुटला, आणि 2019 साली आपल्या सांगली-कोल्हापुराकडे कडकनाथ कोंबडीत पैसे घातलेली माणसं कोंबडीपेक्षा काळी पडली. या यादीत आता उंदराची भर घालावी असं काही विद्वानांच्या मनात आहे. त्यांच्याविरुद्ध आज आम्ही लेखणी उपसली आहे. (लेखणी म्हणजे बँकेचं दोरीने बांधलेलं बॉलपेन. दोरी पुरेल तिथवर लिहू.)

आमचे एक स्नेही थंडीत मुंबईहून कर्नाळ्याला पक्षी बघायला येतात. दुपारी पक्षी विश्रांती घेतात, हे घेत नाहीत. ते आमच्याकडे येतात आणि चहाबरोबर ग्रामोद्धार करतात. इथे आसपास कातकऱ्यांच्या वाड्या आहेत आणि कातकरी शेतातला उंदीर खातो, एवढं त्यांच्या कानावर पडलं आणि झालं!

“अहो, मग त्यांना बिळं कशाला उकरायला लावता? पिंजरे द्या, कर्ज द्या! मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सात-आठ पिल्लं. तुमच्या कुठल्या फिक्स्ड डिपॉझिटला हा दर आहे?”

दर नाही, हे कबूल. स्नेह्यांचा अभ्यासही कच्चा नाही. रोमन लोक म्हणे डॉरमाऊस नावाचा खारीसारखा प्राणी मातीच्या रांजणात कोंडून, अक्रोड चारून लठ्ठ करीत. पेरू देशाच्या डोंगराळ भागात तर हजारो वर्षं घरोघर गिनीपिग पाळतात. कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं एक चित्र आहे. त्यातल्या ताटातही तोच उताणा पडलेला आहे म्हणतात. घाना, बेनिन या देशांत गवतावर जगणारा मोठा ‘केन रॅट’ पिंजऱ्यात वाढवतात. आणि लांब कशाला जा, 2008 साली बिहारच्या कल्याण खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्यानेच उंदराच्या मांसाला उत्तेजन द्यावं, धान्यही वाचेल आणि मुसहरांना धंदाही मिळेल, अशी कल्पना मांडली होती.

हे सगळं खरं आहे. पण यातला गिनीपिग काय खातो ते स्नेह्यांनी पाहिलं नाही. तो खातो गवत आणि स्वयंपाकघरातली सालं-पानं. माणूस जे खात नाही ते तो खातो आणि मग माणूस त्याला खातो. हिशेब जमतो. आमच्याकडचा उंदीर काय खातो? भात! ज्याच्या घरात स्वतःच्या ताटाला तांदूळ पुरत नाही, त्याने तो आधी पिंजऱ्यातल्या उंदराला घालायचा आणि मग त्यातून जे काही चिमूटभर मांस धरेल ते खायचं, हे अर्थशास्त्र आम्हाला तरी बी.कॉम.ला नव्हतं.

कातकऱ्याचं अर्थशास्त्र याच्या नेमकं उलट आहे, आणि ते आमच्या शाखेतल्या कुठल्याही ऑफिसरपेक्षा पक्कं आहे. पावसाळाभर उंदराला पोसतो तो शेतकरी. भातकापणी झाली की बांधावर कातकरी कुटुंब येतं. बिळाची तोंडं किती, ताजी माती कुठल्या तोंडाशी आहे, आत उंदीर आहे की घूस, हे ते वरून सांगतात. आधी मागची दारं बुजवायची, मग पुढच्या दाराशी धूर करायचा. (मागचं दार बंद केल्याशिवाय पुढच्या दाराला हात लावू नये, हे तत्त्व वसुली खात्यातल्या मंडळींना अजून उमगायचं आहे.) मग उकरायला लागायचं. उंदीर तर मिळतोच, शिवाय त्याने आत साठवलेल्या भाताच्या लोंब्याही निघतात. मुद्दल आणि व्याज एकाच व्हाउचरवर! खर्च शेतकऱ्याच्या खाती, जमा कातकऱ्याच्या खाती, आणि तरी शेतकरी खूश, कारण पुढच्या वर्षीचे चोर कमी झाले. इतकी सरळ उलाढाल आम्ही नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलेली नाही. तिच्यात बिघाड होतो तो शेतकऱ्याने झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकल्या की. मग त्या बांधावरचा उंदीर खायच्या कामाचा राहत नाही.

आता नाक मुरडणाऱ्यांना एक शब्द. ‘उंदीर खाणारे’ हे आपल्याकडे वर्णन नाही, शिवी आहे. ती देणारी मंडळी सुका बोंबील तळताना शेजाऱ्यांची खिडकी बंद होते त्याचा राग धरतात! शेतातला उंदीर भातावर वाढतो, मुंबईच्या गटारातला कशावर वाढतो ते विचारू नका. इथून पुढे त्याच रस्त्याने पेणला गेलं की शेकडो कारखान्यांत गणपतीच्या पायाशी तोच उंदीर मोदक धरून बसलेला असतो. तिथे आपण हात जोडतो. आपलं शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तेही त्याच दात-कुरतड्या घराण्यातलं. तेव्हा उंदीर खाण्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. आमचं भांडण आहे ते त्याचा प्रोजेक्ट करण्याशी.

कारण प्रोजेक्ट झाला की तो आमच्या टेबलावर येणार. कर्जाने घेतलेल्या जनावराचा विमा लागतो, आणि विम्यासाठी कानात बिल्ला लागतो. उंदराच्या कानात बिल्ला घातला तर उंदीर बिल्ल्याच्या बाजूला कलंडेल. दर महिन्याला तारण मालाची तपासणी करायची. सकाळी मोजलेलं तारण संध्याकाळपर्यंत दुप्पट! ते एक वेळ चालेल, पण तारणाने कर्जाचे कागदच खाल्ले तर? ही थट्टा नव्हे. 2018 साली आसामात तिनसुकियाला एका एटीएममध्ये उंदीर शिरले आणि बारा लाखांहून जास्त रुपयांच्या नोटा त्यांनी कुरतडल्या. पासवर्ड न विचारता!

बरं, थट्टा पुरे. स्नेह्यांना कातकऱ्यांच्या ताटातलं दिसलं, ताट कुठे ठेवलंय ते दिसलं नाही. कात पाडणारा तो कातकरी. खैराचं जंगल गेलं, कात गेला, नाव तेवढं राहिलं. महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकऱ्यांना सरकार ‘विशेष असुरक्षित’ जमात म्हणतं. सरकारी शब्द सहसा गुळमुळीत असतात, हा मात्र अगदी चपखल आहे. पावसाळा संपला की वीटभट्टीवाल्याची उचल घ्यायची, बायकापोरांसकट भट्टीवर जायचं, मे अखेरीला परत यायचं. उचल फिटली की नाही हे भट्टीवाल्याची वही सांगणार, आणि वहीत यांचा असतो तो अंगठा. कर्नाळ्याच्या किल्ल्याचा सुळका आभाळाला अंगठा दाखवत उभा आहे, तो लोक हायवेवरून गाड्या थांबवून बघतात. हा अंगठा बघायला कोणी थांबत नाही.

आणि परत यायचं कुठे? अनेक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. जमिनीला किंमत नव्हती तोवर मालकाला त्याचं काही नव्हतं. आता पनवेलच्या उशाला विमानतळ आला, गुंठ्याच्या भावाला पंख फुटले आणि मालकांना आपल्या जमिनीवर झोपड्या आहेत हे एकदम आठवलं. पावसाळ्यानंतर माणसं भट्टीवर गेलेली असतात, तेवढ्यात कुंपण पडलं तर विचारायला वाडीत म्हातारी माणसं. गावठाण मंजूर व्हावं म्हणून अर्ज होतात, ते टेबलांवरून फिरतात. आम्ही टेबलाच्या आतल्या बाजूला बसणारी माणसं आहोत, कागद किती सावकाश चालतो हे आम्हाला कोणी सांगायला नको.

म्हणून त्या दिवशी आम्ही स्नेह्यांपुढे कर्जाचा छापील फॉर्म ठेवला. म्हटलं, “भरा. कातकऱ्याच्या वतीने तुम्हीच भरा.”

नाव झटकन लिहिलं. व्यवसायापुढे ‘मूषकपालन’ असं वळणदार अक्षरात लिहिलं. तिसऱ्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. तिथे छापलेलं होतं: ‘शेड ज्या जागेवर बांधणार त्या जागेचा अर्जदाराच्या नावाचा सातबारा जोडावा.’

“हे… भाड्याने नाही का चालत?” स्नेही म्हणाले.

आम्ही त्यांना चौथा रकाना दाखवला. तिथे ‘जामीनदार’ असं होतं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पक्षी आता उठले असतील म्हणाले.