तिसरं रूप कशाला?



ट्रकचा रोबो होणारं खेळणं मलाही आवडतं. १९८४ साली हॅस्ब्रोने जपानच्या टाकाराची अशी खेळणी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ नावाने आणली. ट्रकचा ऑप्टिमस प्राइम करताना मुलाचं डोकं चालतं, बोटं जपून वळतात. पण तेवढ्यावर भागलं नाही. त्याचा ट्रेलर उघडला की युद्धतळ, क्षेपणास्त्र सोडायच्या सोयीसकट! १९८७च्या सिक्सशॉटची तर सहा रूपं. त्यांत रणगाडा आणि पिस्तूलही.

“खेळणंच तर आहे,” घरचे म्हणतात. मग विनाकारण दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणं, म्हणजे हिंसादान, आपण अनर्थदंडात का मोजतो? प्लास्टिकच्या तोफेने जीव जात नाही, मान्य. पण भाव? माझ्या सात वर्षांच्या मुलाकडे असाच एक रोबो आहे. तो आता ट्रक चालवतच नाही. थेट तोफा उघडतो नि विचारतो, “आई, कोणाला मारू?”

रोबो जरूर आणा. हातातली बंदूक निघत असेल तर मी काढून ठेवते. पण खोक्यावर ‘अटॅक मोड’ लिहिलेलं दिसलं, तर तिथेच ठेवून या. दोन रूपं पुरे आहेत.