गुलामांची मुक्तता आणि जमिनीचा प्रश्न

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा इतिहास आमच्या विद्यार्थ्यांस तुटक तुटक ठाऊक असतो. कोलंबस, मेफ्लॉवर जहाज, वॉशिंग्टन, आणि शेवटीं अब्राहम लिंकन. लिंकननें गुलामांस मुक्त केलें, पुढें नाटकगृहांत त्याला गोळी घालण्यांत आली, आणि येथें निबंध संपतो. वक्तृत्वाच्या स्पर्धेंत तर नेमक्या याच ठिकाणीं टाळ्या पडतात. आमचें म्हणणें असें कीं, निबंध येथें संपतां कामा नये. १८६५ हें साल त्या प्रकरणाचें शेवटचें पान नव्हे, मधलें पान आहे. त्यापुढील बारा वर्षें ज्यानें वाचलीं नाहींत, त्याला गुलामगिरी गेली म्हणजे नक्की काय झालें हें सांगतां यावयाचें नाहीं.

या सर्व कथेचें मूळ जमिनींत आहे. १६०७ सालीं इंग्रजांनीं व्हर्जिनियांत जेम्सटाउन येथें वसाहत केली. सोनें मिळेल या आशेनें आलेले हे लोक; सोनें मिळालें नाहीं, पण तंबाखू पिकूं लागली. तंबाखू जमिनीचा कस थोड्याच वर्षांत खाऊन टाकते, म्हणून तिला नित्य नवी जमीन लागते, आणि राबणारीं माणसेंही पुष्कळ लागतात. जमीन तेथील मूळ रहिवाशांची होती. ती घेण्यांत आली. जो कोणी मजूर आणील त्यास दर माणसामागें ५० एकर जमीन देण्याचा प्रघात पडला. १६१९ च्या ऑगस्टअखेर विसांहून थोडे अधिक आफ्रिकन बंदिवान त्या किनाऱ्यावर आणून अन्नसामुग्रीच्या मोबदल्यांत देण्यांत आले. पुढें १६६२ मध्यें व्हर्जिनियाच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, जन्मास येणारें मूल स्वतंत्र कीं गुलाम हें त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरावें. या एका कलमाचा विचार आमच्या वाचकांनीं, विशेषतः मातांनीं, क्षणभर थांबून करावा. गोठ्यांतलें वासरूं जसें गाईच्या धन्याचें, तसें पाळण्यांतलें मूल आईच्या धन्याचें झालें.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानें सर्व माणसें समान असल्याचें जगास सांगितलें. तो लिहिणाऱ्या जेफर्सनच्या पदरीं स्वतःचे गुलाम होते. १७९३ मध्यें एली व्हिटनी यानें कापसांतून सरकी वेगळी करण्याचें यंत्र काढलें, आणि कापसाची लागवड पश्चिमेकडे झपाट्यानें सरकूं लागली. १७९० मध्यें गुलामांची संख्या सुमारें ७ लक्ष होती, ती १८६० मध्यें जवळजवळ ४० लक्ष झाली. १८०३ मध्यें फ्रान्सकडून लुइझियानाचा सव्वाआठ लक्ष चौरस मैलांचा मुलूख दीड कोटि डॉलरांस विकत घेण्यांत आला. विकणारा व घेणारा दोघेही दूर. ज्यांचीं गांवें व शिकारीचीं रानें त्या मुलुखांत होतीं, त्यांना कोणीं विचारलें नाहीं.

जॉर्जियांतील चेरोकी लोकांची हकीकत येथें सांगितली पाहिजे, कारण तिचा एक धागा आमच्या प्रांतापर्यंत येतो. या लोकांनीं स्वतःच्या भाषेस स्वतःची लिपि केली होती, आणि १८२८ पासून ते स्वतःचें वर्तमानपत्र छापीत होते. त्यांच्यांत राहणारा मिशनरी सॅम्युएल वुस्टर यानें जॉर्जिया संस्थानाच्या अंमलाची शपथ घेण्याचें नाकारलें, म्हणून १८३१ मध्यें त्याला चार वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. ज्या अमेरिकन बोर्डानें त्याला तेथें धाडलें, त्याच बोर्डाचे हॉल व नॉट हे १८१३ मध्यें मुंबईस उतरले होते, आणि वुस्टर तुरुंगांत गेला त्याच १८३१ सालीं त्या बोर्डाचें काम अहमदनगरास सुरू झालें. १८३२ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें वुस्टरच्या बाजूनें, म्हणजेच चेरोकी लोकांच्या बाजूनें निकाल दिला. जॉर्जियानें तो निकाल जुमानला नाहीं, चेरोकींच्या जमिनी सोडती काढून गोऱ्या लोकांत वांटल्या, आणि १८३८ मध्यें सैन्य लावून सुमारें १६ हजार माणसांस मिसिसिपी नदीपलीकडे घालवून देण्यांत आलें. त्यांतील अदमासें चार हजार माणसें छावण्यांत व वाटेंत मेलीं. कापसास जमीन मोकळी झाली ती अशी.

आतां यादवी युद्धाकडे वळूं. लढाया आमच्या वाचकांनीं इतरत्र वाचल्या आहेतच. आम्ही एका तारखेकडे मात्र त्यांचें लक्ष वेधतों. १ जानेवारी १८६३ या दिवशीं लिंकनचा मुक्ततेचा जाहीरनामा अंमलांत आला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच दिवशीं दुसराही एक कायदा अंमलांत आला. १८६२ मध्यें मंजूर झालेल्या या वसाहत-कायद्यान्वयें, जो कोणी पश्चिमेकडील सरकारी जमिनीवर पांच वर्षें राहून ती कसील, त्याला किरकोळ फी घेऊन १६० एकर जमीन मिळावयाची होती. या कायद्याखालीं पुढें एकंदर सुमारें २७ कोटि एकर जमीन खासगी मालकांच्या हातीं गेली. म्हणजे त्या सरकारापाशीं देण्यास जमीन नव्हती असें कोणास म्हणतां येणार नाहीं. ती जमीनही मूळची कोणाची होती हें वर आलेंच आहे. एकाचें ओरबाडून दुसऱ्यास दिल्यानें न्याय होतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या राष्ट्रानें जमीन वांटावयाची असें एकदां ठरविलें, त्यानें ती कोणास दिली व कोणास नाकारली, हें विचारणें इतिहासाच्या विद्यार्थ्याचें काम आहे.

मुक्त झालेल्या लोकांस स्वतःला काय हवें होतें? सुदैवानें याचें उत्तर नोंदलेलें आहे. १२ जानेवारी १८६५ रोजीं जॉर्जियांतील सव्हाना शहरीं सेनापति शर्मन व युद्धमंत्री स्टँटन यांनीं वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांस व मंडळीच्या पुढाऱ्यांस बोलावून घेतलें. त्यांच्या वतीनें गॅरिसन फ्रेझर नांवाचा ६७ वर्षांचा वृद्ध उपदेशक बोलला. आठ वर्षांपूर्वीं एक हजार डॉलर मोजून यानें स्वतःचें व आपल्या बायकोचें स्वातंत्र्य विकत घेतलें होतें. तुम्ही आपला निर्वाह कसा कराल असें विचारतां त्यानें सांगितलें कीं, आम्हांस जमीन मिळावी. ती आम्ही आपल्या श्रमानें कसूं, आणि पुढें विकतही घेऊं. भिक्षा नको, पगारही नको, जमीन हवी. विद्यापीठाचें तोंड न पाहिलेल्या या म्हाताऱ्यास अर्थशास्त्र पुष्कळ मुत्सद्द्यांपेक्षां अधिक कळत होतें, असें आम्ही समजतों.

चारच दिवसांनीं शर्मननें हुकूम काढला. चार्ल्सटनपासून दक्षिणेकडे फ्लॉरिडांतील सेंट जॉन्स नदीपर्यंतचीं बेटें व किनाऱ्याची पट्टी या लोकांकरितां राखून ठेवावी, आणि दर कुटुंबास ४० एकरांपर्यंत जमीन द्यावी. उन्हाळ्यापर्यंत सुमारें ४० हजार माणसें तेथें वसलीं. पेरण्या झाल्या, घरें उठलीं.

मग लिंकनचा खून झाला, आणि अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला. त्यानें बंडखोर जमीनदारांस माफी देण्याचा सपाटा लावला. माफीबरोबर जमीनही परत. ही बातमी सांगण्याचें काम सेनापति हॉवर्ड याच्यावर आलें. युद्धांत उजवा हात गमावलेला हा गृहस्थ मुक्त झालेल्यांचा खरा हितचिंतक होता, आणि त्यालाच ऑक्टोबर १८६५ मध्यें एडिस्टो बेटावरील देवळांत उभें राहून सांगावें लागलें कीं, ही जमीन सोडा आणि जुन्या धन्याशीं मजुरीचा करार करा. लोकांत एकच गलबला झाला. तेव्हां एका स्त्रीनें दुःखाचें गीत सुरू केलें व सर्व मंडळी तें म्हणूं लागली, असें हॉवर्डनें पुढें लिहून ठेविलें आहे. बेटावरील लोकांनीं पंच नेमून अर्ज केले. ज्यांनीं आम्हांस झाडास बांधून फटके मारले त्यांस क्षमा करा म्हणतां. पण आमच्या पायांखालची जमीनही त्यांनाच देतां, तर आम्ही स्वतंत्र कसे? या अर्थाचा त्यांचा प्रश्न होता. त्याचें समाधानकारक उत्तर त्यांस कधींच मिळालें नाहीं.

पुढें काय झालें हें ज्यांच्या घरीं शेती आहे त्या पालकांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. मिसिसिपी संस्थानानें १८६५ अखेर कायदा केला कीं, कृष्णवर्णीयांनीं नगराच्या हद्दीबाहेर जमीन खंडानें घेऊं नये, आणि दर जानेवारींत आपल्या नोकरीचा लेखी पुरावा दाखवावा. असे कायदे पुढें काँग्रेसनें मोडून काढले खरे. पण जमीन नसलेला मनुष्य अर्धेलीनें शेत करूं लागला. बीं-बियाणें, बैल, मीठ, कापड सर्व दुकानदाराकडून उधारीवर, आणि पीक तारण. वर्षाअखेर हिशेब व्हावयाचा, वही दुकानदाराची, आणि शिल्लक नेहमीं शेतकऱ्याच्या नांवें निघावयाची. साखळदंड गेला, वही आली.

असें असूनही या बारा वर्षांत त्या लोकांनीं जें केलें तें पाहून आम्हांस आश्चर्य वाटतें. दक्षिणेंतील बहुतेक संस्थानांत गुलामास वाचावयास शिकविणें हा गुन्हा होता. तो अडथळा दूर होतांच आजे आणि नातवंडें एकाच बांकावर येऊन बसलीं. १८७० पर्यंत सरकारी खात्याच्या व मिशनरी संस्थांच्या साहाय्यानें चार हजारांहून अधिक शाळा निघाल्या. नॅशव्हिल येथें १८६६ मध्यें निघालेली फिस्क नांवाची शाळा कर्जांत बुडाली, तेव्हां तेथील विद्यार्थी गुलामगिरींतील भक्तिगीतें गात गांवोगांव व पुढें इंग्लंडपर्यंत हिंडले, आणि त्या पैशांतून त्यांनीं इमारत उभी केली. १८६७ नंतर मताचा हक्क मिळाला. १८७० मध्यें हायरम रेव्हल्स हा पहिला कृष्णवर्णीय सभासद सिनेटांत बसला, तोही मिसिसिपीचा. सर्वांस खुल्या सरकारी शाळांची पद्धति दक्षिणेंतील बहुतेक संस्थानांत याच काळांत घातली गेली, आणि तिचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांसही झाला.

अनेक जुन्या पाठ्यपुस्तकांत असें लिहिलेलें आढळे कीं, हे लोक स्वातंत्र्यास अपात्र होते म्हणून तो प्रयोग फसला. १९३५ मध्यें डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनीं आपल्या मोठ्या ग्रंथांत हें मत खोडून काढलें, आणि आज जाणते इतिहासकार तें मानीत नाहींत. प्रयोग फसला नाहीं. तो मोडण्यांत आला. दुसरा एक आक्षेप अधिक विचारार्ह आहे: जमीनदारांची जमीन काढून घेणें हा अन्याय झाला नसता काय? पेनसिल्व्हेनियाचे थॅडियस स्टीव्हन्स यांनीं काँग्रेसांत हाच प्रश्न उलटा केला. ती जमीन दोनशें वर्षें बिनमजुरीनें कोणीं कसली होती? त्यांची ४० एकरांची योजना नामंजूर झाली. आम्हांस स्टीव्हन्स यांचें म्हणणें पटतें. ज्यांस जप्ती नको होती त्यांस विकत घेऊन देण्याची वाट मोकळी होती; साउथ कॅरोलायनानें १८६९ मध्यें तसें खातें काढून जमिनी हप्त्यानें दिल्याही. इतर संस्थानांनीं तेवढेंही केलें नाहीं.

१८७३ हें साल आमच्या वाचकांस निराळ्या कारणानें ठाऊक असेल. त्या सालीं पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध करून तें संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांस, त्यांनीं गुलामांस मुक्त केल्याबद्दल, अर्पण केलें. स्वतः मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीरावांनीं त्या दूरच्या घटनेंत आपल्या लोकांची आशा पाहिली, यांत नवल नाहीं. त्याच वर्षीं १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारीं, लुइझियानांतील कोलफॅक्स येथें कचेरीचें रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्यांनीं हल्ला केला, व शरण आलेल्यांसही ठार मारलें. १८७६ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें त्या खटल्यांतील आरोपींच्या शिक्षा रद्द केल्या. १८७७ मध्यें अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा तंटा मिटवितांना, दक्षिणेंतील सरकारांस आधार देणारें सैन्य काढून घेण्यांत आलें. लुइझियानांत १८९६ मध्यें १ लक्ष ३० हजारांवर कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्यें ते सुमारें तेराशें उरले. हा हक्क पुनः पक्का होण्यास १९६५ साल उजाडावें लागलें.

ज्यांना वाट पाहणें असह्य झालें, ते जमिनीच्या शोधांत निघाले. १८७७ मध्यें केंटकींतील कांहीं कुटुंबांनीं कॅन्सासच्या माळावर निकोडिमस नांवाचें गांव वसविलें. तेथें लांकूड नव्हतें, म्हणून जमिनींत खोदून घरें केलीं. नांगर थोडे, म्हणून कित्येकांनीं कुदळीनें जमीन उकरली. आणि पूर्वीं सांगितलेल्या कायद्याप्रमाणें १६० एकरांवर नांव लावण्यास ते पांच वर्षें टिकून राहिले. पहिल्या हिंवाळ्यांत अन्न संपलें, तेव्हां शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनीं त्यांस खावयास दिलें, असें त्या गांवचे लोक सांगत आले आहेत. या ओसेज लोकांची कॅन्सासांतील शेवटची जमीन सात वर्षांपूर्वींच त्यांच्या हातून गेली होती.