कार्ड हाती आले. हृदयरोगतज्ज्ञ कोठे शोधावा?

महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबाच्या हाती आज शासकीय आरोग्य योजनेचे कार्ड आहे, ही लहान गोष्ट नव्हे. १९९७ साली राज्यात सुरू झालेली जीवनदायी योजना मोजक्या गंभीर आजारांपुरती आणि गरीब कुटुंबांपुरतीच मर्यादित होती. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात या दोन्ही योजना एकत्रितपणे राबविल्या जाऊ लागल्या. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांना या छत्राखाली आणले आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील ज्येष्ठांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डही मिळू लागले.

कागदावर पाहता चिंतेचे कारण उरू नये. परंतु घरात कोणाच्या छातीत कळ येते, तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघतो, आणि मग जो प्रश्न उभा राहतो त्याचे उत्तर कोणत्याही कार्डावर छापलेले नसते. हे कार्ड स्वीकारणारा अनुभवी हृदयरोगतज्ज्ञ कोठे मिळेल? या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते. कारण संकटाच्या घटकेला असा विचार करण्यास कोणालाच सवड नसते.

रुग्णालय योजनेत असते, डॉक्टर नव्हे

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी ती ही, की योजनेचा करार रुग्णालयाशी होतो, एखाद्या डॉक्टरशी नाही. रुग्णालयाची निवडही सरसकट होत नाही, तर विशेषज्ञतेनुसार होते. एखादे रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावरून तेथे हृदयविकाराचे उपचार योजनेतून मिळतीलच असे नाही. कदाचित ते केवळ अस्थिरोग किंवा मूत्रविकारासाठी अंगीकृत असेल. उलट, ज्या नामवंत तज्ज्ञाकडे आपण फी भरून तपासणी करून घेतली, तोच डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या एखाद्या अंगीकृत रुग्णालयात शस्त्रक्रिया करीत असण्याचा संभव असतो. म्हणून ‘तुमचे रुग्णालय योजनेत आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘हृदयरोगासाठी आहे का, आणि योजनेच्या रुग्णावर प्रत्यक्ष उपचार कोण करणार?’ असे विचारावयास हवे.

दुसरी अडचण तपासण्यांची. योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. निदान होईपर्यंतच्या बाह्यरुग्ण तपासण्या, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट आणि पुढे आयुष्यभर चालणारी औषधे यांचा बराचसा भार कुटुंबावरच पडतो. हातावर पोट असलेला माणूस या पहिल्याच पायरीवर थबकतो आणि दुखणे अंगावर काढतो.

तज्ज्ञ का टाळतात?

खाजगी रुग्णालयांची बाजूही समजून घेणे न्यायाचे ठरेल. योजनेत प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम मिळते. मोठ्या शहरांतील रुग्णालये म्हणतात की ती प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी आहे, आणि जी मिळते तीही वेळेवर मिळत नाही. ही तक्रार एका राज्यापुरती नाही. हरियाणातील खाजगी रुग्णालयांनी ऑगस्ट २०२५ मध्ये थकबाकीच्या कारणावरून आयुष्मानचे उपचार थांबविले होते. देयके रखडली की मोठी रुग्णालये योजनेपासून दूर राहतात, आणि संख्येवर नफा मिळवू पाहणारी रुग्णालये मात्र पुढे येतात. त्यातून निपजणारा धोका गेल्या काही काळात आपण पाहिला आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील बोरिसणा गावी मोफत आरोग्य शिबिर भरले. तेथून १९ ग्रामस्थांना अहमदाबादच्या एका खाजगी रुग्णालयात नेण्यात आले व त्यांची अँजिओग्राफी करण्यात आली. त्यांपैकी ७ जणांना स्टेंट बसविले गेले आणि दोघांचा मृत्यू झाला. योजनेचा पैसा मिळविण्यासाठी गरज नसताना हे उपचार केले, असा आरोप होऊन अटका झाल्या.

एप्रिल २०२५ मधील मध्य प्रदेशातील दमोहची घटना आम्हांला अधिक अस्वस्थ करणारी आहे. तेथील एका मिशन रुग्णालयात बनावट कागदपत्रांच्या आधारे हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम केल्याच्या आरोपावरून एका इसमास अटक झाली. त्याने उपचार केलेल्या अनेक रुग्णांच्या मृत्यूची चौकशी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत गेली. खरेखोटे न्यायालयात ठरेल. परंतु ‘मिशन’ हा शब्द ऐकून विश्वासाने दार ठोठावणारा गरीब माणूस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो विश्वास पिढ्यान् पिढ्यांच्या सेवेने मिळविलेला आहे. पाटीवरील पवित्र नावामुळे पडताळणीची जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते, एवढा धडा सेवाभावी संस्थांनी यातून घ्यावयास हवा.

अनुभव कसा ओळखावा?

या दोन घटनांमुळे योजनेवरचा विश्वास टाकून द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. डोळे उघडे ठेवावेत असे म्हणतो. हृदयरोगतज्ज्ञाकडे एम.डी. नंतरची डी.एम. किंवा तत्सम डी.एन.बी. ही हृदयरोगशास्त्रातील पदवी असते. बायपाससारखी शस्त्रक्रिया करणारा सर्जन निराळा, त्याची पदवी एम.सीएच. किंवा तत्सम असते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांकावरून डॉक्टरची नोंद पाहता येते. घरातील शिकल्यासवरल्या मुलामुलींनी हे काम पाच मिनिटांत करावे. यात डॉक्टरांचा अपमान नाही; प्रामाणिक डॉक्टर याने रागावत नाही.

पदवीनंतर अनुभवाचा प्रश्न येतो. वर्षांच्या संख्येपेक्षा कामाचे प्रमाण महत्त्वाचे. ही शस्त्रक्रिया येथे नियमित होते काय, कॅथ लॅब चोवीस तास चालू असते काय, गुंतागुंत उद्भवल्यास हृदयशस्त्रक्रियेची सोय त्याच इमारतीत आहे की रुग्णास अन्यत्र न्यावे लागेल, हे विचारून घ्यावे. अँजिओग्राफीचा अहवाल व तिची सीडी मागून घ्यावी. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास ती उपयोगी पडते.

दुसरे मत घेण्यास सवड नसते, हा समज सर्वच रुग्णांना लागू नाही. हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर एक क्षणही दवडू नये. परंतु चालताना दम लागणे, श्रमाने छातीत दुखणे अशी स्थिर स्थिती असेल, तर बहुधा काही दिवस विचाराला मिळतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्किमिया’ या पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील अभ्यासात असे आढळले, की अशा स्थिर रुग्णांमध्ये उत्तम औषधोपचाराच्या तुलनेत सुरुवातीलाच केलेल्या अँजिओप्लास्टी वा बायपासमुळे मृत्यूचे प्रमाण घटले नाही. मुख्य रक्तवाहिनीतील गंभीर अडथळ्यासारख्या स्थिती या अभ्यासात नव्हत्या, हेही लक्षात ठेवावे. ‘आज रात्रीच स्टेंट टाकला नाही तर काही खरे नाही’ असे स्थिर रुग्णास सांगितले गेल्यास, शांतपणे कारण विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

वाटा कोणत्या?

अनुभवाचा निकष लावला, तर मुंबईतील के.ई.एम., जे.जे., शीव आणि नायर या सार्वजनिक रुग्णालयांचा विचार प्रथम करावा लागतो. तेथे रांगा आहेत, गर्दी आहे, खाटांची टंचाई आहे. पण तेथील अध्यापकांच्या हाताखालून जितके रुग्ण जातात, तितके फार थोड्या खाजगी रुग्णालयांत जात असतील. जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मदत मिळते, आणि खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालहृदय शस्त्रक्रिया विनामूल्य होतात.

अंगीकृत रुग्णालयांची यादी व माहिती १५५३८८ या मदत क्रमांकावर, तर आयुष्मान कार्डाबाबत १४५५५ वर मिळते. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राची नेमणूक असते. दाखल होताच, शक्यतो पैसे भरण्यापूर्वी, त्याला गाठावे. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची तरतूद योजनेत आहे. मंजूर उपचारासाठी वेगळे पैसे मागितले गेल्यास लेखी पावती मागावी व तक्रार नोंदवावी.

योजनेबाहेरील धर्मादाय रुग्णालयांचे दारही बंद नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. कारखान्यांत काम करणाऱ्या ज्या कामगारांचा विमा हप्ता वेतनातून कापला जातो, त्यांना राज्य विमा महामंडळाचाही आधार असतो.

तथापि झटक्याच्या वेळी यादी चाळत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या सुसज्ज रुग्णालयात जावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध वेळेत मिळाले, तर पुढील उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयाचा मार्ग मोकळा राहतो. जव्हार-मोखाड्याच्या माणसासाठी मुंबई शंभर किलोमीटरहून दूर आहे. त्याचे प्राण प्रथम तालुक्याच्या रुग्णालयातच वाचावयास हवेत.

शासनाकडून आमची अपेक्षा साधी आहे. कोणत्या रुग्णालयात योजनेतून हृदयाचे कोणते उपचार होतात, ते कोण करतो आणि वर्षाला किती होतात, ही माहिती मराठीत, सर्वांना समजेल अशी प्रसिद्ध व्हावी. आणि रुग्णालयांची देयके वेळेवर चुकती व्हावीत. यांतील एक गोष्ट झाली आणि दुसरी राहिली, तर उपयोग नाही.

आपल्याकडूनही काही होण्याजोगे आहे. प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक वाडीत दोन-चार तरुणांनी जवळच्या अंगीकृत रुग्णालयांची माहिती आधीच गोळा करून ठेवावी, वृद्धांची कार्डे काढून द्यावीत आणि प्रसंगी रुग्णाबरोबर आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत जावे. आजारी माणसाजवळ बसून प्रार्थना करणारा शेजारी आपल्याकडे आजही आहे. त्याच शेजाऱ्याला कोणत्या रुग्णालयात कोणत्या दारातून जावे हेही ठाऊक असेल, तर त्या घराचे अर्धे ओझे हलके होईल.