खुर्च्यांची तोंडे कोणीकडे?

नव्या घराला आशीर्वाद देण्यास गेलेल्या धर्मगुरूस त्या कुटुंबात मानाचे स्थान कोणाला, हे विचारावे लागत नाही. बैठकीच्या खोलीतील खुर्च्यांची तोंडे कोणीकडे आहेत, एवढे पाहिले की पुरे. सोफा, खुर्च्या, आजीचा दिवाण, सारे एकाच भिंतीकडे वळलेले. त्या भिंतीवर टीव्हीचा भलाथोरला पडदा. आणि येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर मात्र दाराच्या चौकटीवर, जेथे कोणाचीही नजर जात नाही.

टीव्ही हे सैतानाचे यंत्र आहे, असे ख्रिस्तसभेने म्हटलेले नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर परिपत्रक काढून या साधनांना देवाची देणगी मानले. १९५८ साली त्यांनी संत क्लारा हिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री घोषित केले. आजारी क्लाराला नाताळच्या रात्री आपल्या खोलीतच मिस्सा दिसली, अशी परंपरा आहे. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद असताना आपणही पडद्यावरच मिस्सा पाहिली. अंथरुणाला खिळलेल्यांना तो आजही आधार आहे. तेव्हा आमचे भांडण टीव्हीशी नाही, त्याला दिलेल्या जागेशी आहे.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या पुष्कळ संचांना सरकती लाकडी दारे असत. कार्यक्रम संपला की ती ओढून घेत आणि खोली पुन्हा माणसांची होई. आजच्या पडद्याला दार नाही. बंद असतानाही तो मानाची जागा अडवून बसतो. पाहुण्याशी बोलायचे तर मान वाकडी करावी लागते. जपमाळेसाठी बसायचे तर कोपरा शोधावा लागतो. कुटुंबे क्वचितच एकत्र येतात आणि आली तरी तो वेळ टीव्ही घेऊन जातो, हे दुःख पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जपमाळेवरील पत्रात मांडले होते.

कोणी म्हणतील, "फादर, मुले आता मोबाइलवर असतात, टीव्ही पाहतो कोण?" मग ज्याला कोणी पाहत नाही, त्याच्यासाठी सगळ्या खुर्च्या का राखून ठेवल्या आहेत? मुलाने मोबाइलमधून डोके वर काढलेच, तर समोर बापाचा चेहरा दिसायला नको का?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चमधील वेदी भिंतीपासून पुढे आली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला. शतकानुशतकांची वेदी हलली. आपला सोफा मात्र हलत नाही!

बंधुभगिनींनो, बैठका समोरासमोर मांडा. पडदा बाजूच्या भिंतीवर न्या; ती खिडकीसमोरची नसावी, म्हणजे उजेडाची तिरीप पडणार नाही. घरात आजारी माणूस असेल तर टीव्ही त्याच्या खाटेजवळ ठेवा. मोकळ्या झालेल्या भिंतीवर, बसलेल्याच्या नजरेच्या उंचीवर, ती तसबीर लावा. याला पैसा लागत नाही. दोन माणसे आणि एक दुपार लागते. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. तो उजाडण्यापूर्वी एवढे कराच.